पाळी चुकलीय, मूल नकोय: आधी तारीख मोजा

मिरजेत स्त्रीरोगाच्या वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर होते. आता घरीच असते, पण फोन यायचे थांबलेले नाहीत. बहुतेक फोन दिवेलागणीला येतात. पलीकडचा आवाज अगदी खाली असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, जवळ कोण न्हाई ना?" पुढचं वाक्यही मला पाठ आहे. "दिवस गेल्यात वाटतं. मेडिकलमधनं गोळी आणू का?"

गोळीचं नंतर बघू. आधी मी विचारते, शेवटची पाळी कधी आली होती? हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. एखादी बाई रात्री अंधारात मोबाइल उशीखाली धरून वाचत असेल, तर तिने पहिला भाग वगळून खाली उडी मारू नये, एवढी विनंती.

तारीख

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, पाळी चुकली त्या दिवसापासून तर नाहीच. यात भल्याभल्या शिकलेल्या मुली चुकतात. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणारीला पाळी चुकून एक आठवडा झाला, तर डॉक्टरांच्या हिशेबाने ते पाच आठवडे झाले.

तासगावकडची एक बाई आली होती, द्राक्षाच्या छाटणीला जाणारी. दिवस वसुबारसेचा. म्हणाली, "तीन आठवडंच झाल्यात, लवकर आले की न्हाई मी?" तारीख विचारली तर आठवेना. मग मी सण विचारायला लागले. आपल्याकडं कॅलेंडरवर खूण करायची सवय नसली तरी सणाला अडचण आली की ती कायमची लक्षात राहते. ती चटकन म्हणाली, "गौरी जेवायच्या दिवशीच अडचण आली की वं! जाऊबाईनं सगळं केलं, मी आपली बाजूला." भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि तिच्यासमोर बोट ठेवत मोजलं. गौरीपूजन ते वसुबारस, सात आठवडे होत आले होते. तिचे तीन आठवडे पाळी चुकल्यापासूनचे. तिचा चेहरा उतरला, पण सात म्हणजे वेळ गेलेली नव्हती. हाच घोळ बाराव्या आठवड्याला झाला असता तर तिच्या हातातला एक रस्ता केव्हाच निसटला असता.

म्हणून कागद घ्या आणि शेवटच्या पाळीची पहिली तारीख लिहा. आठवत नसेल तर सण, लग्न, यात्रा, परीक्षा, पगार, कशावरूनही आठवा. मूल अंगावर पीत असेल आणि बाळंतपणानंतर पाळीच आली नसेल, तर मोजून काही हाती लागणार नाही. सोनोग्राफीच करावी लागेल. "पाजतेय म्हणजे राहत नाही" यावर विसंबून फसलेल्या बायका मी मोजायच्या सोडल्या.

किट, आणि एक गैरसमज

लघवी तपासायचं किट कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, चिठ्ठी लागत नाही. गावातल्या दुकानात लाज वाटत असेल तर तालुक्याच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातून घ्या. सकाळची पहिली लघवी वापरा. पाळी चुकल्यावर आठवडाभराने केलेली तपासणी सहसा चुकत नाही. फिकट का होईना, दुसरी रेघ दिसली की ती आहे असंच धरा. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर चार-पाच दिवसांनी पुन्हा करा.

टीव्हीवर जाहिरात असते ती बहात्तर तासांतली गोळी गर्भपाताची नव्हे. ती संबंधानंतर लगेच, जितक्या लवकर तितकं बरं, अशी घ्यायची असते आणि गर्भ राहण्याआधीच काम करते. दिवस गेल्यावर तिचा काही उपयोग नाही. एका पोरीने तसल्या चार गोळ्या एकदम घेतल्या आणि "आता सुटले" म्हणून महिनाभर गप्प बसली. गोळ्यांनी तिला काही केलं नाही, तो महिना मात्र गेला.

कच्ची पपई, गाजराचं बी, गूळ-तिळाचा काढा, पोटावर दाब देणं, जिन्यावरून उड्या, हे सगळं मी ऐकलंय. यांनी गर्भ खात्रीने पडत नाही. जो वेळ जातो तो परत मिळत नाही. आणि खालून काडी, मूळ, औषध असलं काहीही घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला आवतण. पिशवीला भोक पडून, अंगात विष भिनून आलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्यात. त्यातल्या काहींची पुढं पिशवीच काढावी लागली.

ठरवायचं तुम्ही

ठेवायचं की नाही, हे तुमच्यावर सोपवते. मी फक्त एवढं म्हणेन की एक-दोन दिवस घ्या, एक-दोन महिने नका. जन्म देऊन मूल सांभाळणं शक्य नसेल तर बालकल्याण समितीपुढं रीतसर सोपवता येतं, आणि त्यानंतर फेरविचाराला साठ दिवस मिळतात. हा रस्ता आपल्याकडं कुणी सांगत नाही म्हणून नोंदवला. बाकी लेख ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी.

कायदा, कारण भीती तिथंच आहे

२०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये गर्भपात करताना एका विवाहितेचा जीव गेला, आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता. आमच्या भागावर त्या प्रकरणाची सावली अजून आहे. लोकांच्या डोक्यात तेव्हापासून असं बसलं की गर्भपात म्हणजेच गुन्हा. तसं नाही. मुलगी आहे म्हणून पाडणं गुन्हा आहे, लिंग तपासणं गुन्हा आहे, आणि ज्याला परवानगी नाही त्याने गर्भपात करणं गुन्हा आहे. नको असलेलं गरोदरपण मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून थांबवणं भारतात १९७१ च्या कायद्याने मान्य आहे, आणि २०२१ मध्ये तो कायदा आणखी मोकळा झाला.

आज तो असा आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि ही मुभा ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना आहे: बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात दोष आढळलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीसच्या पुढं गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बाईच्या जिवालाच लगेच धोका असेल तेव्हा आठवडे बघत नाहीत.

लग्न झालेलं नाही, म्हणून अडवता येत नाही. गर्भनिरोधक फसलं हे कारण पूर्वी नवरा-बायकोपुरतं होतं, २०२१ पासून कायद्यात "जोडीदार" आला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांची मुभाही अविवाहित मुलींना नाकारता येणार नाही, असं सांगितलं. विश्रामबागच्या एका हॉस्टेलवरची पोर मैत्रिणीचं मंगळसूत्र घालून आली होती. तिला मी आधी ते काढून पर्समध्ये ठेवायला लावलं. खोटं सांगण्यात तिची अर्धी शक्ती खर्च होत होती, शेवटच्या पाळीची तारीखसुद्धा धड सांगता येईना.

आता सहीचं. अठरा वर्षं पुरी झालेल्या बाईची एकटीची सही चालते. तो कागद म्हणजे "फॉर्म सी". नवऱ्याची, सासूची, आईची, कुणाचीच सही कायदा मागत नाही. तरी पुष्कळ दवाखाने मागतात, उद्या भांडण नको म्हणून. माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत एका बाईला "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून परत पाठवलं होतं आणि मी नवीन असल्यामुळं गप्प बसले. ती परत आलीच नाही. आज ती बाई माझ्यासमोर असती तर सांगितलं असतं, "डॉक्टरांना शांतपणे म्हण, फॉर्म सीवर माझीच सही लागते. ऐकलं नाही तर वाद घालू नको, दुसरा दवाखाना गाठ."

मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची सही लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात तिचं नाव द्यायची गरज नाही, हेही २०२२ च्या त्याच निकालात आहे. एवढ्यासाठी कोवळ्या पोरींना लपवून गावठी इलाजाला नेऊ नका.

नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. नाव फक्त एका रजिस्टरात असतं, बाकीच्या कागदांवर अनुक्रमांक. ते बाहेर फोडणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आमच्याकडं ते रजिस्टर कुलपात असायचं आणि किल्ली मोठ्या सिस्टरच्या कमरेला.

कुठं जायचं

सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय रुग्णालय, तालुक्याची उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. सरकारीत खर्च कमी, रांग लांब. लहान ठिकाणी प्रशिक्षित डॉक्टर रोज असतीलच असं नाही, तेव्हा आधी आशाताईंकडून किंवा केसपेपरच्या खिडकीवर वार विचारून घ्या. आशाताई गावातलीच, तिच्या तोंडाची भीती वाटत असेल तर थेट शहर गाठा. मिरजेच्या गर्दीत कोण कुठल्या दवाखान्यात शिरलं ते कुणी बघत नाही.

खासगीत जायचं तर भिंतीवर गर्भपात केंद्राची मान्यता लावलेली आहे का ते बघा. ती दिसेल अशी लावायचीच असते. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना, कितीही हातगुण असला तरी, कायद्याने गर्भपात करता येत नाही. "रात्री या, कागद नको, रोख द्या" असं कुणी म्हणालं की तिथून उलट्या पावली फिरा.

सोबत काय न्यावं: ओळखपत्र, जुने कागद, रोज चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, रक्तगट माहीत असेल तर तो. आणि एक माणूस. बहीण, मैत्रीण, शेजारची काकू, ज्याच्यासमोर रडता येईल असं.

तिथं हिमोग्लोबिन आणि रक्तगट बघतात, बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीही करतात. त्या वेळी "फॉर्म एफ" भरून घेतात. तो लिंगनिदान रोखण्यासाठी प्रत्येक गरोदर बाईचा भरतात, तुमच्यावर संशय म्हणून नाही. सोनोग्राफीचं खरं काम दोन गोष्टींचं. आठवडे किती, आणि गर्भ पिशवीतच आहे ना. कधी कधी तो नळीत रुजतो. तेव्हा गर्भपाताच्या गोळ्या घेऊन काही होत नाही, आणि नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्त जातं. एका बाजूला जीवघेणी कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, अशी लक्षणं आली तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टरांपासून लपवू नयेत अशा गोष्टी: आधीचं सिझर, तांबी बसवलेली असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्त न गोठण्याचा आजार, दम्यासाठी वा इतर कशासाठी बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉइडं, फिट्स, हृदयाचा त्रास, खूप ॲनिमिया. यातल्या काहींना गोळ्या चालत नाहीत, काहींना दवाखान्यातच ठेवून कराव्या लागतात.

पहिली पद्धत: गोळ्या

नऊ आठवड्यांपर्यंत. दोन वेगवेगळ्या गोळ्या असतात. पहिली मिफेप्रिस्टोन, ती गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं काम थांबवते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी दुसरी, मिसोप्रोस्टॉल. तिने पिशवी आकसते आणि आतलं बाहेर पडतं. दुसरी गोळी कशी ठेवायची, जिभेखाली की गालात की खालून, आणि किती, हे डॉक्टर सांगतील तसंच. शेजारणीच्या उरलेल्या पाकिटावरून नको.

या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायला परवानगी नाही. तरी काउंटरखालून मिळतात, जादा पैसे घेऊन, कधी अर्धंच पाकीट. मेडिकलवाल्याला तुमचे आठवडे माहीत नसतात, रक्त माहीत नसतं, गर्भ कुठं आहे तेही माहीत नसतं. माझा राग गोळ्यांवर नाही. गोळ्या चांगल्या आहेत, नीट वापरल्या तर शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त बायकांचं काम यांनीच पूर्ण होतं. राग त्या काउंटरवर आहे.

दुसऱ्या गोळीनंतर काय होतं ते स्पष्ट लिहिते, कारण न सांगितल्याने बायका जास्त घाबरतात. काही तासांत पोटात कळा सुरू होतात, पाळीपेक्षा जोरात. रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त, गाठी पडतात. काळ्या मनुक्याएवढ्या पडतात, कधी लिंबाएवढ्याही. मळमळ, उलटी, जुलाब, थंडी वाजून अंग गरम होणं हे त्या दिवसापुरतं चालतं. सहा-सात आठवड्यांना बाळासारखं काही दिसत नाही, रक्ताच्या गाठींत करड्या रंगाचा पडदा दिसला तर दिसतो. बहुतेकींचं चार-सहा तासांत मोकळं होतं, काहींना दिवस लागतो. मग रक्तस्राव कमी होत दहा-पंधरा दिवस राहतो, हलके डाग महिनाभरसुद्धा.

त्या दिवशी घरी कोणी तरी हवं, संडास-बाथरूम जवळ हवं, आणि तासाभरात दवाखाना गाठता येईल असं ठिकाण हवं. रानातल्या वस्तीवर, रात्री गाडी मिळत नाही अशा जागी ही दुसरी गोळी घेऊ नका. मोठे पॅड आणून ठेवा, कपडा नको. दुखण्यावर आयब्रुफेनसारखी गोळी डॉक्टर देतात, ती कळ सुरू व्हायच्या जरा आधीच घेतली तर जास्त उपयोगी पडते. पोट शेकलं तरी चालतं. जेवण हलकं, पाणी भरपूर. "गर्मी होईल" म्हणून उपाशी ठेवणाऱ्या सासूचं त्या दिवशी ऐकू नका.

धोका म्हणाल तर मुख्य दोन. काही भाग आत राहणं, ज्याला आपण अर्धवट राहिलं म्हणतो, आणि जास्त रक्त जाणं. क्वचित गर्भ तसाच वाढत राहतो. असं झालं तर "राहू दे आता" म्हणायची सोय नसते, कारण दुसऱ्या गोळीमुळं बाळात व्यंग राहू शकतं. मग सक्शन करून पूर्ण करायचं असतं.

दुसरी पद्धत: सक्शन

आपल्याकडं सगळ्यालाच "क्युरेटिंग" किंवा "पिशवी धुणं" म्हणतात, पण यात दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत धातूच्या हत्याराने पिशवी खरवडत. जागतिक आरोग्य संघटनेने ती सोडून द्या म्हणून कधीच सांगितलंय. त्याऐवजी सक्शन वापरावं, म्हणजे बारीक नळीने ओढून घेणं. हाताने चालवायची मोठी सिरिंज किंवा विजेचं मशिन, दोन्ही चालतं. साधारण बारा आठवड्यांपर्यंत हे करतात. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, "खरवडणार की सक्शन?"

प्रत्यक्ष काम पाच ते पंधरा मिनिटांचं. पिशवीच्या तोंडाला भूल देतात, कधी थोडी झोपेची. आधी तोंड मऊ व्हावं म्हणून गोळी देतात, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक. कळ येते, पण थोड्या वेळाची. दोन-चार तास खाटेवर, मग घरी. धोके आहेत, पण शिकलेल्या हातात कमी: जंतुसंसर्ग, थोडा भाग राहणं, रक्त जाणं, आणि फार क्वचित पिशवीला इजा.

ती तासगावची बाई दोन्ही ऐकून घेऊन म्हणाली, "छाटणी सुरू हाय, धा दिस रगत जाऊन कसं चालंल? अन् बाथरूम अंगणात, सासू दारात बसती." तिने सक्शन निवडलं. सकाळच्या एसटीने मिरजेला आली, दुपारी तीनपर्यंत पडून होती, भावजय सोबत होती. संध्याकाळी घरी. जाताना स्टँडवर केळी घेतली, हे मला आठवतं, कारण चार केळी मागं पाठवून दिली होती माझ्यासाठी. हॉस्टेलच्या त्या मुलीने उलट गोळ्या निवडल्या. तिला कुणी हात लावलेला नको होता, आणि मैत्रीण रात्रभर जवळ बसणार होती. दोघींचंही बरोबरच.

बारा आठवड्यांच्या पुढं

इथं मी थोडक्यात लिहिते, कारण हे घरचं काम नाही. दवाखान्यात भरती व्हावं लागतं. औषधाने कळा आणून किंवा ऑपरेशनने करतात. रक्त जाण्याचा आणि इजेचा धोका आठवड्यागणिक वाढतो, आधीचं सिझर असेल तर जास्त काळजी घ्यावी लागते. तरी मान्यताप्राप्त ठिकाणी हे होतं आणि सुरक्षित होतं. उशीर झाला म्हणून गावठी इलाजाकडं वळू नका. उशीर झालेल्या बाईला तर चांगला दवाखाना जास्तच लागतो.

लगेच दवाखाना गाठायचा तेव्हा

हा भाग सोबत येणाऱ्या माणसालाही वाचायला द्या.

– सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत.
– दुसऱ्या गोळीनंतर चोवीस तास उलटून गेले तरी ताप आहे, किंवा ताप पुन्हा चढला.
– खालून घाण वास येणारा स्राव.
– दुखणं गोळीने कमी होत नाही, वाढतंय.
– चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, हातपाय गार.
– दुसऱ्या गोळीनंतर चोवीस तासांत रक्तच आलं नाही. याला बायका "बरं झालं, त्रास नाही" समजतात, पण गर्भ तसाच असू शकतो किंवा नळीत असू शकतो.

रात्र असो की दिवाळीचा पाडवा, थांबायचं नाही. १०८ ची गाडी फुकट असते. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, कुठली गोळी, कधी, किती. मेडिकलमधून गुपचूप घेतली असली तरी सांगायचं. तीन आठवडे रक्त जात असूनही "पाळी जास्त जातेय" म्हणणारी एक बाई आली होती. हिमोग्लोबिन सहा, नखं कागदासारखी पांढरी. नवऱ्याला बाहेर बसवल्यावर तिने पदराच्या गाठीतून रिकामं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. ते पाकीट बघितलं आणि अर्ध्या तासात तिला नीट उपचार सुरू झाले.

त्यानंतरचे दिवस

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते त्याच वेळी विचारा. लागत असेल तर ते ७२ तासांत घ्यायचं असतं. लोहाच्या गोळ्या सुरू करा. रक्त थांबेपर्यंत संबंध नको, आत काही घालणं नको. आंघोळ, स्वयंपाक, हलकं काम जमेल तसं. घरी राहण्याचे दिवस कुणी ठरवून दिलेले नाहीत. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते.

लघवीचं किट लगेच करू नका. काम पूर्ण झालेलं असलं तरी ते तीन-चार आठवडे दोन रेघा दाखवतं, आणि बाई घाबरून पुन्हा गोळ्या आणते. दोन आठवड्यांनी तपासणीला जायचं, तिथं काय ते कळतं.

"पुढं मूल होईल ना?" हे प्रत्येकजण विचारते. व्यवस्थित केलेल्या गर्भपाताने वांझपण येत नाही. येतं ते जंतुसंसर्गाने नळ्या बंद झाल्या तर. म्हणून ताप आणि घाण वासाकडं दुर्लक्ष नको म्हणते. मन भरून येणं, रडू येणं, आणि काहींना चक्क हलकं वाटणं, सगळं होतं. हलकं वाटलं म्हणून स्वतःला दगड समजू नका. महिना होऊनही झोप-जेवण उडालेलं असेल तर डॉक्टरांशी बोला.

आणि पुन्हा दिवस जाणं फार लवकर शक्य असतं. पाळी यायची वाट बघू नका, आठ-दहा दिवसांत बीज तयार होऊ शकतं. सक्शन केलं असेल तर त्याच बैठकीत तांबी बसवता येते, गोळ्यांनी केलं असेल तर पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर. सरकारी दवाखान्यात तांबी, तीन महिन्यांचं "अंतरा" इंजेक्शन, "छाया" गोळ्या आणि निरोध फुकट मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते, वार ठरवून. तासगावच्या बाईने रविवार आणि बुधवार धरले. रविवार कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, त्या दिवशी मटण असतं, इसरायचं न्हाई.